घरपोच सेवेचा धंदा वाढवायचा तर आधी भाग छोटा करा

पुण्यात एसी दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला मार्च-एप्रिलमध्ये कामाची ददात नसते. पण सकाळचं काम वारज्यात, दुपारचं हडपसरला आणि संध्याकाळचा कॉल वाकडचा, अशी धावपळ सुरू झाली की दोन टेक्निशियनचा निम्मा दिवस रस्त्यावरच संपतो. सहाशे रुपयांच्या सर्व्हिसिंगमधून पेट्रोल आणि मजुरी वजा केली की हातात फार काही उरत नाही. पाऊस लागला की तोच फोन मुका होतो, कारण शहरभर विखुरलेल्या त्या गिऱ्हाइकांपैकी फारच थोड्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो.

ऑनलाइन जाहिरातीबद्दल सल्ला देणारे बहुतेक जण जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचायला सांगतात. घरपोच सेवेसाठी माझा सल्ला याच्या उलट आहे. तुमचा माणूस अर्ध्या तासात जिथे पोहोचतो तेवढाच भाग धरा, आणि तिथे एसी बिघडला की पहिलं नाव तुमचंच निघेल इतकं त्या भागात मुरा. हे कसं करायचं ते पुण्याच्या पश्चिम भागातला एसी, गीझर आणि आरओ दुरुस्तीचा छोटा व्यवसाय समोर ठेवून सांगतो. मालक, दोन टेक्निशियन, दोन दुचाकी, एवढाच संसार. प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, पेस्ट कंट्रोल, टाकी सफाई यांनाही हीच पद्धत लागू पडते, आणि नाशिक किंवा कोल्हापूरसारख्या शहरात तर ती आणखी सोपी जाते.

पहिली पायरी : बिलबुकावरून नकाशा काढा

मागच्या वर्षभराची बिलं घ्या. बिलबुक नसेल तर फोनमधले कॉल आणि यूपीआयचे व्यवहार चालतील. गूगल माय मॅप्स हे मोफत साधन उघडा आणि प्रत्येक कामाच्या सोसायटीवर एक खूण टाका. एका दुपारचं काम आहे. खुणा कुठे दाट आहेत, कुठून लोकांनी दुसऱ्यांदा बोलावलं आणि कुठे एकदाच जाऊन आलो, हे लगेच डोळ्यांना दिसतं.

आता तीन पिनकोड निवडा. आपल्या उदाहरणात कोथरूड ४११०३८, कर्वेनगर ४११०५२ आणि वारजे ४११०५८. निवडताना किलोमीटर मोजू नका, संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये लागणारी मिनिटं मोजा. कोथरूडहून हडपसर नकाशावर फार लांब वाटत नाही, पण त्या वेळी तिथे जाऊन येण्यात दोन कामं बुडतात.

भागाबरोबर एक मुख्य सेवाही ठरवा. सगळं करत असलात तरी ओळख एका कामाने होते. एसीचं काम चांगलं झालं की गीझर आणि आरओ त्याच घरातून मागोमाग येतात.

दुसरी पायरी : गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा

पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ च्या अखेरीस नाव बदललं. खर्च शून्य आहे आणि घरपोच सेवेसाठी यापेक्षा जास्त काम देणारं साधन मी तरी पाहिलेलं नाही. त्यामुळे इथे घाई करू नका.

कोणी ‘एसी रिपेअर निअर मी’ असं टाइप केलं की नकाशाखाली दोन-तीन नावं ठळक दिसतात. ती निवडताना गूगल तीन गोष्टी बघतं : शोधलेल्या कामाशी तुमचा संबंध किती, तुम्ही शोधणाऱ्यापासून किती लांब, आणि तुमचं नाव किती ओळखीचं आहे. यातलं अंतर तुमच्या हातात नाही, उरलेल्या दोन गोष्टी आहेत.

नाव दुकान-नोंदणीच्या, म्हणजे शॉप अ‍ॅक्टच्या कागदावर किंवा पाटीवर जसं आहे तसंच टाका. नावापुढे ‘बेस्ट एसी सर्व्हिस कोथरूड पुणे’ असं शेपूट जोडण्याची फार चाल आहे. ते नियमात बसत नाही, आणि कोणी तक्रार केली की ऐन मे महिन्यात प्रोफाइल बंद पडू शकतं. वेगवेगळ्या भागांतल्या मित्रांचे पत्ते वापरून तीन-चार प्रोफाइल काढण्याचा मार्गही तितकाच धोक्याचा. एक व्यवसाय, एक प्रोफाइल.

मुख्य कॅटेगरी एकच असते, तिच्याखेरीज आणखी नऊ जोडता येतात. मुख्य कॅटेगरी एसी दुरुस्तीची ठेवा, बाकीच्यांत गीझर, वॉटर प्युरिफायर, जे खरोखर करता ते. जे करत नाही ते भरू नका. फ्रिजसाठी दहा फोन आले आणि दहाही जणांना नाही म्हणावं लागलं, तर त्यांचा आणि तुमचा वेळ वायाच जातो.

दुकान नसेल, घरूनच धंदा चालत असेल, तर पत्ता लोकांना न दाखवता फक्त सेवा-क्षेत्र दाखवता येतं. तिथे वीसपर्यंत भाग भरता येतात, पण वीस भरले म्हणून वीस ठिकाणी वर दिसत नाही. ते क्षेत्र गिऱ्हाइकाला तुम्ही कुठे येता हे कळावं यासाठी आहे. आपले तीन पिनकोड भरा आणि थांबा.

व्यवसाय खरा आहे हे पटवण्यासाठी गूगल हल्ली बहुतेकांना व्हिडिओ काढायला सांगतं. इथे अनेक जण अडकतात. व्हिडिओ एकाच दमात काढायचा असतो, मध्ये तोडायचा नाही. रस्त्याची किंवा इमारतीची पाटी दाखवा, मग दुचाकी, जेट पंप, गॅसचा सिलिंडर, गेज, टूलकिट आणि शेवटी व्यवसायाच्या नावाचा कागद. शॉप अ‍ॅक्टची पावती किंवा उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हाताशी असावी. महाराष्ट्रात अशी मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि उद्यम नोंदणी मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

फोटो दर आठवड्याला दोन-तीन टाका. इंटरनेटवरून उचललेले, हसऱ्या परदेशी मेकॅनिकचे फोटो नकोत. काळवंडलेली कॉइल आणि धुतल्यानंतरची तीच कॉइल, ड्रेन पाइपमधून निघालेला गाळ, बाल्कनीबाहेर आउटडोअर युनिटवर काम करताना सेफ्टी बेल्ट बांधलेला तुमचा माणूस. हा बेल्टचा फोटो लोक थांबून बघतात. आपल्या घराबाहेर लटकून काम करणारा माणूस सुरक्षित असावा असं प्रत्येकाला वाटतं. घरातल्या माणसांचे चेहरे, दारावरची नावाची पाटी, फ्लॅट नंबर मात्र फोटोत येऊ देऊ नका.

वर्णनाला साडेसातशे अक्षरं मिळतात. तिथे ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ लिहून ती संपवू नका. कुठल्या भागात येता, किती वाजेपर्यंत, व्हिजिट चार्ज किती, कामाची वॉरंटी किती दिवस, हे लिहा. वेळही खरी द्या. चोवीस तास असं लिहून रात्री अकराला फोन उचलला नाही, तर एक तारा देणारा माणूस तयार होतो.

तिसरी पायरी : रिव्ह्यू मागण्याची वेळ साधा

रिव्ह्यू मागायची योग्य वेळ एकच : एसीतून थंड हवा यायला लागली आहे, बिल दिलं आहे आणि टेक्निशियन अजून दारातच आहे. दोन दिवसांनी पाठवलेल्या लिंककडे कोण बघतं? प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो कार्डावर छापून टेक्निशियनच्या खिशात द्या आणि त्याला एवढंच बोलायला शिकवा : “काका, काम पटलं असेल तर इथे दोन ओळी लिहाल का? जे वाटलं ते लिहा.”

रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नका आणि फक्त खूश माणसांनाच लिंक पाठवायची अशी चाळणीही लावू नका. दोन्ही गोष्टी गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. विकतचे रिव्ह्यू तर अजिबात नकोत. कोथरूडमध्ये कधीच न ऐकलेल्या नावांनी एका दिवसात वीस वेळा ‘नाइस सर्व्हिस’ लिहिलेलं लोकांना बरोबर ओळखू येतं.

प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या, नाराजीच्या रिव्ह्यूला तर त्याच दिवशी. समजा एका बाईंनी लिहिलं, ‘महिन्यात एसी परत बंद पडला, पैसे वाया गेले.’ त्यावर वाद घालायचा नाही. असं लिहा : “नमस्कार मॅडम, तुमची अडचण समजली. मागच्या वेळी आम्ही कपॅसिटर बदलला होता, त्याची वॉरंटी चालू आहे. आज संध्याकाळी सहापर्यंत माणूस पाठवतो, व्हिजिट चार्ज लागणार नाही.” हे उत्तर त्या बाईंपेक्षा पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी आहे. काम बिघडलं तर हा माणूस परत येतो, हे त्यांना त्यातून कळतं. अर्थात उत्तरात लिहिलं तसं सहाच्या आत माणूस खरंच गेला पाहिजे.

चौथी पायरी : व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस

हे अ‍ॅप मोफत आहे. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, म्हणजे उद्या फोन सांभाळायला माणूस ठेवला तरी घरचे मेसेज त्यात मिसळणार नाहीत. कॅटलॉगमध्ये दर लिहा : साधी सर्व्हिसिंग, जेट सर्व्हिसिंग, इन्स्टॉलेशन, गॅस भरणं. दर लपवले की फोन जास्त येतील असं काहींना वाटतं, पण आलेले फोन फक्त भाव विचारून बंद होतात. गॅसचा दर एका आकड्यात सांगता येत नसेल तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त लिहा, आणि लीक शोधून बंद केल्याशिवाय आम्ही गॅस भरत नाही हेही लिहा. नुसता गॅस भरून पैसे घेतलेले आणि महिन्यात पुन्हा तीच रड झालेले लोक शहरात भरपूर आहेत. हे एक वाक्य वाचून ते तुमच्याकडे वळतात.

काम ठरलं की आदल्या संध्याकाळी असा मेसेज जावा :

“नमस्कार काकू. उद्या सकाळी १० ते ११ मध्ये आमचा टेक्निशियन येईल. त्याचं नाव, फोटो आणि नंबर खाली देतो. व्हिजिट चार्ज ३०० रुपये, काम केलं तर तो बिलातून वजा होईल. गेटवर एंट्री मंजूर कराल ना?”

खोट्या कस्टमर केअर नंबरांवरून होणाऱ्या फसवणुकीमुळे लोक अनोळखी माणसाला घरात घ्यायला बिचकतात. दुपारी एकट्या असणाऱ्या ज्येष्ठांना तर फारच काळजी वाटते. फोटो आणि नाव आधी आलं की ती काळजी कमी होते. कोथरूड-कर्वेनगर भागात आणखी एक गोष्ट नेहमी दिसते : एसी आईवडिलांच्या घरातला असतो आणि शोधणारा मुलगा बेंगळुरूला किंवा अमेरिकेत. त्याला कामाआधीचा फोटो, कामानंतरचा फोटो, बदललेला पार्ट आणि बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पैसे यूपीआयने घ्या. असं एक काम नीट झालं की ते घर वर्षानुवर्षं तुमचं होतं, आणि मुलाचे मित्रही विचारायला लागतात.

प्रत्येक नंबराला लेबल लावा : ‘मार्चमध्ये सर्व्हिसिंग’, ‘गीझर’, ‘एएमसी’ (वार्षिक देखभालीचा करार), ‘पैसे बाकी’. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज एका वेळी अनेकांना पाठवायच्या, एका यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणून काम संपल्यावर “नंबर सेव्ह करून ठेवा, वॉरंटीसाठी लागेल” हे सांगायचं विसरू नका. आठवण पाठवली तर चालेल का, हेही तेव्हाच विचारा. लोकांच्या नंबरांची यादी विकत घेऊन मेसेज मारणं हे चूकच आहे, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा सगळा भर माणसाच्या संमतीवर आहे.

पाचवी पायरी : सोसायटीत शिरकाव

दीडशे फ्लॅटच्या सोसायटीत पुष्कळ एसी निघतात. सेक्रेटरींना भेटा आणि एका रविवारी सर्व्हिसिंगचा कॅम्प ठेवायचा प्रस्ताव द्या. एकाच इमारतीत दिवसभर काम असल्यामुळे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, म्हणून दर थोडा कमी देता येतो. सवलत इथे परवडते कारण ती वाचलेल्या पेट्रोलमधून येते.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये स्वतः घुसून जाहिरात टाकू नका. तिथे तुमचं नाव राहणाऱ्यांनीच टाकलं पाहिजे. ‘कोणाकडे चांगला एसीवाला आहे का?’ असा प्रश्न उन्हाळ्यात प्रत्येक ग्रुपवर पडतो. तेव्हा पुढे पाठवायला सोपं जावं म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना एक नीटनेटकं डिजिटल कार्ड देऊन ठेवा : नाव, तीन भाग, दर, नंबर, रिव्ह्यूची लिंक. मायगेट किंवा नोब्रोकरहूडसारखी अ‍ॅप जिथे आहेत तिथे गेटवरची नोंद वेळेवर होते ना, हे बघा. वॉचमनशी नीट बोलणारा टेक्निशियन हीसुद्धा जाहिरातच आहे.

वेबसाइट लागतेच का?

सुरुवातीला नाही. नंतर एक साधी, मोबाइलवर पटकन उघडणारी साइट करा. प्रत्येक भागासाठी वेगळं पान ठेवा, पण फक्त भागाचं नाव बदलून तोच मजकूर चिकटवू नका. वारज्याच्या पानावर वारज्यातल्या कामांचे फोटो आणि तिथे किती वेळात पोहोचता हे असावं. वर मोठं कॉलचं बटण, शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं. पुरे. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असावा, कारण शोधणारे बहुतेक जण इंग्रजी शब्दच टाइप करतात आणि घरातली मोठी माणसं मात्र मराठीत वाचतात.

सहावी पायरी : पैसे देऊन जाहिरात

वरचं सगळं मार्गी लागल्याशिवाय इकडे वळू नका. सात रिव्ह्यू असलेल्या प्रोफाइलवर पैसे देऊन माणूस आणला, तर तो शेजारच्या नव्वद रिव्ह्यूंकडे निघून जातो.

बिघाडाच्या कामासाठी गूगल अ‍ॅड्स घ्या. एसी बंद पडलेला माणूस गूगलवर शोधतो, फेसबुकवर जाहिरात दिसण्याची वाट बघत नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम ठरवून करण्याच्या कामांना उपयोगी : मार्चमधली सर्व्हिसिंग, दिवाळीआधीची साफसफाई, एएमसी. तिथे नकाशावर पिन टाकून तीन-चार किलोमीटरचं वर्तुळ निवडा आणि जाहिरातीचं बटण थेट व्हॉट्सअ‍ॅप चॅटला जोडा.

गूगलवर खातं उघडताना ते तुम्हाला सोप्या स्मार्ट कॅम्पेनकडे, म्हणजे बहुतेक निर्णय गूगलच घेतं अशा जाहिरातीकडे, ढकलेल. ते बाजूला ठेवून साधं सर्च कॅम्पेन बनवा आणि पुढच्या गोष्टी स्वतः तपासा. ठिकाणात पुणे शहर न टाकता आपले तीन पिनकोड टाका. त्याच्याच खालच्या पर्यायात, त्या भागात असलेले लोक आणि त्या भागात रस दाखवणारे लोक, असं दोन्ही मिळून आधीच निवडलेलं असतं. ते बदलून फक्त भागात असलेले लोक ठेवा. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे फोन उचलणारा माणूस असतो तेवढीच. कॉलची सोय जोडा. कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द, ब्रॉड (सैलपणे जुळणारे) न ठेवता फ्रेज किंवा एक्झॅक्ट मॅचमध्ये (नेमके जुळणारे) घ्या.

मग नको असलेले शब्द भरा, म्हणजे ज्यांच्या शोधावर जाहिरात दिसू नये ते. पैसे सगळ्यात जास्त इथे गळतात. नोकरी, जॉब, सॅलरी, कोर्स, क्लास, रेंट, सेकंड हँड, पार्ट्स, टोल फ्री, कस्टमर केअर हे पहिल्या दिवशीच टाका. त्यानंतर दर सोमवारी सर्च टर्मचा रिपोर्ट उघडून लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते वाचा आणि यादी वाढवा. कंपन्यांच्या नावांचा मोह टाळा. आपण अधिकृत सर्व्हिस सेंटर नसताना तसं भासवणं ही फसवणूक आहे. ज्याच्या घरात शिरायचं त्याच्याशी पहिलं वाक्य खोटं बोलून चालणार नाही.

आता हिशेब. समजा रोज ३०० रुपये लावले. महिन्याचे ९,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,६२०, म्हणजे १०,६२० रुपये. त्यातून ६० फोन आले आणि २४ कामं झाली, तर एका कामामागे जाहिरातीचा खर्च साधारण ४४० रुपये पडला. सहाशेच्या सर्व्हिसिंगला हे परवडत नाही. म्हणून पैशाची जाहिरात ‘एसी कूलिंग करत नाही’, ‘एसीतून पाणी गळतंय’ अशा दुरुस्तीच्या शोधांवर लावा, जिथे बिल मोठं होतं. सर्व्हिसिंग व्हॉट्सअ‍ॅपच्या आठवणीतून आणि सोसायटी कॅम्पमधून भरा, तिथे खर्च जवळजवळ नाहीच. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर त्या १,६२० चं क्रेडिट मिळतं, म्हणजे ते तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतात. नोंदणी नसेल तर तो सरळ खर्चच धरा.

डिरेक्टरी साइटवरच्या लीड, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, विकत घ्यायच्या असतील तर आधी महिनाभराचं छोटं पॅकेज घ्या. तिथे एकच चौकशी अनेकदा चार-पाच जणांना जाते आणि सगळ्यात स्वस्त सांगणारा काम नेतो.

सातवी पायरी : फोन आणि वही

वाजलेला फोन उचलला गेला नाही तर जाहिरातीचे पैसे पाण्यात जातात, कारण उकाड्याने वैतागलेला माणूस लगेच पुढचा नंबर फिरवतो. मालक शिडीवर असताना फोन कोण घेणार हे ठरवा. घरातलं कोणी असेल तरी चालेल, त्यांना चार प्रश्न पाठ असावेत : कुठला भाग, स्प्लिट की विंडो, नेमकं काय होतंय, कधी यावं. सुटलेल्या फोनवर दहा मिनिटांत परत फोन.

प्रत्येक फोनला “आमचा नंबर कुठून मिळाला?” हे विचारून वहीत किंवा गूगल शीटमध्ये लिहा. तारीख, सोसायटी, कुठून कळलं, काम झालं का, बिल किती. एवढ्या पाच रकान्यांतून महिनाअखेरीला जे कळतं ते कुठल्याही एजन्सीच्या रंगीत रिपोर्टमधून कळत नाही. दर महिन्याला यावरून एकच निर्णय घ्या : कुठला खर्च वाढवायचा किंवा कुठला बंद करायचा.

ऋतूच्या थोडं पुढे चाला

पुण्यात उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीच्या मध्यात सुरू व्हायला हवी. सर्व्हिसिंगच्या आठवणी तेव्हाच पाठवा, कारण एप्रिलमध्ये तुम्हाला वेळ नसतो आणि गिऱ्हाइकाला धीर नसतो. गुढीपाडव्याला नवे एसी घेतले जातात, तेव्हा इन्स्टॉलेशनची पोस्ट हवी. जूनपासून एसीची जाहिरात थांबवून पैसे आरओकडे वळवा, गढूळ पाण्यामुळे फिल्टरची कामं निघतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात एसीची छोटी लाट येते, आणि नोव्हेंबरमध्ये थंडी पडायच्या आत गीझरच्या आठवणी गेल्या पाहिजेत.

चौथा पिनकोड कधी घ्यायचा? वहीत बघा. तीन पिनकोडांतली निम्म्याहून जास्त कामं जुन्या गिऱ्हाइकांकडून आणि त्यांनी सांगितल्यामुळे यायला लागली, आणि दोन्ही टेक्निशियन जूनमध्येही मोकळे बसत नाहीत असं दिसलं, की तिसरा माणूस नेमा. तो शक्यतो बावधनला किंवा सिंहगड रोडला राहणारा असावा, आणि तो राहतो तोच भाग चौथा धरा.